सासऱ्यांच्या हातचं

जावयाला उपाशी उठवणारा सासरा अख्ख्या वऱ्हाडात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. आमच्याकडे जावई म्हणजे काय असतो हे बाहेरच्या माणसाला सांगून समजायचं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेला जावई जेवणानंतर कुणाचा हात न धरता उठला, तर आपल्याकडून काही कमी पडलं अशी सासूच्या मनाला चुटपुट लागते. माझे मित्र परतवाड्याहून, दर्यापुराहून असे जेवून येत की दोन दिवस त्यांच्यासमोर कुणी जेवणाचं नाव काढत नसे. मी मात्र अकोल्याच्या जठारपेठेतला पाहुणचार आटोपून अमरावतीला निघालो, की बडनेऱ्याला उतरल्याबरोबर स्टेशनबाहेर उभा राहून आधी आलुबोंडे खायचो आणि मगच घराकडे वळायचो. बायको शेजारी उभी राहून स्वतःच्या बापाबद्दल जे बोलायची ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण शेवटचा आलुबोंडा तीच उचलायची.

हे सुरुवातीपासून असं नव्हतं. सासूबाई चांदूर बाजारच्या, संत्र्याच्या बागा असलेल्या घरातल्या. त्यांच्या हाताला अशी चव होती की लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी सासरी जेवायला नाही, शरण जायला जात होतो. सासरे त्या काळी स्वयंपाकघरात फक्त जेवणापुरते दिसत. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून त्यांनी उभी नोकरी काढली. कालव्याचं पाणी कोणत्या शेताला कधी सोडायचं हे त्यांच्या हातात असे, आणि पाळी नसताना त्यांनी सख्ख्या साडूच्या शेतातही थेंब जाऊ दिला नव्हता. साडू अजून बोलत नाहीत. बाहेर इतका करडा माणूस, पण घरात तहान लागली की नुसता हात पुढे करी आणि हातात पेला येई. पेले कोणत्या फळीवर असतात हे त्यांना निवृत्त होईपर्यंत माहीत नव्हतं, आणि चहाला आधी पाणी ठेवतात की पत्ती, याबद्दल त्यांचं काही ठाम मत नव्हतं.

सासूबाईंना शुगर होती, ती बरीच जुनी. पण आमच्या घरात शुगर म्हणजे सकाळची एक गोळी, एवढंच सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. गोळी घेतली की पुरणपोळी चालते, दोन गोळ्या घेतल्या की लग्नाला जाता येतं, असा हिशेब. मग एका उन्हाळ्यात चपलेचा पट्टा त्यांच्या करंगळीला घासत राहिला आणि पायाची जाणीव गेलेली असल्यामुळे त्यांना ते कळलंच नाही. कळलं तेव्हा बोट काळं पडलं होतं. ते कापावं लागलं, आणि गोळीच्या जोडीला रोजचं इन्सुलिनचं इंजेक्शन आलं. डॉक्टरांनी सासऱ्यांना बाहेर बोलावून सांगितलं की औषधाचं मी पाहतो, ताटाचं तुम्ही पाहा, नाहीतर पुढच्या वेळी पायावर जाईल. सासऱ्यांनी मान हलवली. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी सासूबाईंना पलंगावर बसवलं, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि मुलीला आणि मला समोर उभं करून जाहीर केलं, "आजपासून सयपाक मी करन."

मला वाटलं, माणूस हादरला आहे, दोन दिवसांत उतरेल. पण त्या संध्याकाळीच त्यांनी फळ्या रिकाम्या करायला घेतल्या. साखर गेली, गूळ गेला, साबुदाणा, मैदा, पोहे, बिस्किटं, मध, मनुका, खडीसाखर, एवढंच नव्हे तर देवापुढची साखरफुटाण्याची वाटीसुद्धा गेली. सासूबाई पाय उशीवर ठेवून आतल्या खोलीत पडल्या होत्या आणि एकेका डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज ऐकत होत्या. कोणता डबा उघडला हे त्यांना आवाजावरून कळत होतं. माझ्या बायकोला एवढंच म्हणाल्या, "मले शुगर झाली वं, मी मेली नाई अजून."

आता त्यांच्या स्वयंपाकाबद्दल. अर्धं ताट भाजी, पाव ताट डाळ किंवा उसळ, पाव ताट भाकर, हे डॉक्टरांचं वाक्य त्यांनी शासन निर्णयासारखं पाठ केलं आणि मेसमध्ये असतात तशी खणांची स्टीलची ताटं घरातल्या प्रत्येकासाठी आणली. पहिल्या आखाजीला मी जेवायला बसलो तेव्हा माझ्यासमोर मोठ्या खणात दुधी, लहान खणात मोडाचे मूग आणि उरलेल्या खणात ज्वारीची अर्धी भाकर होती. आमरसाचं नाव काढायची सोय नव्हती. मी भीत भीत म्हटलं की बाबा, शुगर मला नाही. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "एका कालव्यावर दोन कायदे ठेवले का चोरी सुरू होते, जावईबापू." तेव्हापासून त्या घरात कलेक्टर आला असता तरी दुधीच जेवून गेला असता. बरं, तो दुधी तरी धड असावा. मिठाची आणि त्यांची कधी नीट ओळखच झाली नाही, एक दिवस खारट, एक दिवस सपक, आणि दोन्ही दिवस ते विचारत, "कसं झालं?" भाकर थापताना ती परातीत गोल असे, तव्यावर जाईपर्यंत तिचे तालुके वेगळे होत. कारल्याची भाजी त्यांनी कडूपणाला हात न लावता केली, कारण औषधी गुण पाण्यात जातात असं त्यांनी मोबाईलवर पाहिलं होतं. मोबाईलवर ते इतकं पाहत की त्यांची डाळ करपत असे. एक माणूस सांगे की सकाळी उठून मेथीदाणे खा, लगेच दुसरा माणूस येऊन सांगे की मेथीदाणे खाणारे फसले. सासरे दोघांचंही ऐकत आणि एक दिवसाआड मेथीदाणे देत.

सासूबाईंवर त्यांची नजर अशी होती की घरात जणू पाणीचोर राहत आहे. त्यांच्या उशीखाली पाहत, पदराची गाठ पाहत. शेजारच्या काकूंनी सत्यनारायणाचा शिरा पाठवला तेव्हा त्यांनी तो फाटकातूनच परत केला आणि वर म्हणाले, "देवाले इचारा, बिनसाखरेचा चालत असन तर पाठवा." काकूंनी बोलणं बंद केलं. चांदूर बाजारला सासूबाईंच्या भाच्याचं लग्न होतं तिथे ते भाकर आणि पडवळाचा डबा घेऊन गेले, मांडवात बायकोशेजारी बसले आणि वाढपी आला की ताटावर हात धरू लागले. नवरदेवाच्या आईने हात चुकवून नणंदेच्या ताटात जिलेबी टाकलीच. अन्न टाकून दिलं तर भाऊबंदांचा अपमान, ठेवलं तर बायकोचा पाय. सासऱ्यांनी ती उचलून स्वतः खाल्ली. हे पाहून माहेरच्या सगळ्या बायकांना गंमत वाटली आणि त्या एकामागून एक येऊन वाढत राहिल्या. सासऱ्यांना गोड मुळात आवडत नाही. ते परतीच्या रस्त्यावर दोनदा गाडीतून उतरले. सासूबाई खिडकीबाहेर पाहत बसल्या होत्या. त्या हसत होत्या की रडत होत्या हे बायकोला शेजारी बसूनही कळलं नाही.

आणि एवढं करून शुगर उतरत नव्हती, हे खरं दुःख. रोज सकाळी ते बोटाला सुई टोचून मशीनवर आकडा पाहत आणि त्यांचा चेहरा पडे. आदल्या दिवशी काय चुकलं याची चौकशी मग दुपारपर्यंत चाले. आधी संशय ज्वारीवर गेला, मग ताकावर, मग गाजरावर, मग माझ्यावर. मी रविवारी येऊन गेलो की सोमवारी आकडा वाढतो असं त्यांच्या लक्षात आलं होतं आणि काही आठवडे ते माझी पिशवी पाहूनच मला आत घेत. डॉक्टर सांगत की झोप नाही, काळजी आहे, आजार जुना आहे, आकडा नुसत्या जेवणावर हलत नाही. सासऱ्यांना ते पटत नसे. इतके एकर भिजवायला इतकं पाणी लागतं, हा त्यांचा जन्मभराचा हिशेब. त्यात काळजी कुठे बसवायची त्यांना समजत नव्हतं. बायकोबरोबर तेच खाऊन ते स्वतः इतके वाळले होते की नातेवाईक आजारी समजून त्यांनाच जांभळाच्या बियांची पूड आणून देत. ते ती निमूटपणे घेत आणि सासूबाईंच्या ताकात घालत.

मग ती मे महिन्यातली दुपार आली. मी एकटाच गेलो होतो. कूलर चालू असूनही खोलीतली भिंत हाताला गरम लागत होती, आणि रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. सासूबाई खुर्चीवर बसून माझ्याशी बोलत होत्या. बोलता बोलता त्यांनी मला त्यांच्या वारलेल्या भावाच्या नावाने हाक मारली आणि बैल सोडले का म्हणून विचारलं. मला आधी वाटलं, ऐकण्यात चुकलो. पण त्यांचा हात थरथरत होता आणि साडी घामाने पाठीला चिकटली होती. मी सासऱ्यांना बोलावलं. त्यांनी मशीन लावलं आणि आकडा पाहून त्यांचा चेहरा उतरला. शुगर वाढली नव्हती. ती खूप खाली गेली होती. सकाळचा आकडा जास्त आला म्हणून त्यांनी भाकर निम्मी केली होती, आणि इंजेक्शन रोजच्याइतकंच दिलं होतं.

अशा वेळी साखर द्यायची हे त्यांना माहीत होतं, डॉक्टरांनी ते बजावून ठेवलं होतं. ते स्वयंपाकघरात धावले आणि मला आतून डब्यांची झाकणं एकामागून एक पडल्याचा आवाज आला. ज्वारी, मूग, मेथी, जवस. त्या घरात गोड म्हणावं असं काही नव्हतंच. त्यांनी ते स्वतःच्या हाताने बाहेर काढलं होतं. मी सासूबाईंना धरून बसलो होतो, मला उठता येत नव्हतं. सासरे वाटी घेऊन बाहेर पडले, तसेच, अनवाणी, त्या उन्हात, आणि ज्या फाटकातून शिरा परत गेला होता त्या फाटकावर जाऊन काकूंना हाका मारू लागले. साखर घेऊन काकू स्वतः आल्या, पाण्यात ढवळली आणि पेला सासऱ्यांच्या हातात दिला. सासरे चमच्याने एकेक घोट पाजत राहिले. ओठांवरून ओघळलेलं पाणी ते बोटाने पुन्हा तोंडात ढकलत होते. हळूहळू सासूबाईंची नजर जागेवर आली. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली, खोलीतल्या आम्हा तिघांकडे पाहिलं, मग खाली नवऱ्याच्या पायांकडे पाहिलं. तळवे भाजून लाल झाले होते. "काहून असे उघड्या पायानं गेले," त्या म्हणाल्या, "मले तर रोज सांगता चप्पल घाल म्हणून."

काकू गेल्यावर सासरे भिंतीला टेकून जमिनीवर बसले. त्यांना मी कधी खाली बसलेलं पाहिलं नव्हतं. रिकाम्या वाटीकडे पाहत ते मला म्हणाले, "जास्त देलं तर पाय जाते, कमी देलं तर जीव जाते. मंग मानसानं करावं तरी काय, सांगा ना तुमी." नांदगाव पेठेच्या कापड गिरणीत यंत्रांच्या मागे उभा राहणारा मी माणूस. मी त्यांच्या पायांना लावायला बर्फ आणला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक खुर्ची उचलून स्वयंपाकघराच्या दारात नेऊन ठेवली आणि सासूबाईंना म्हणाले, "तू सांग, मी करतो." त्या आधी नाही म्हणाल्या. मग त्यांना फोडणीचा वास आला आणि राहवेना. ते काही महिने त्या घरातले सगळ्यात चांगले महिने होते असं मला आज वाटतं. सासूबाई खुर्चीवरून आवाज देत आणि कालवा निरीक्षक हुकूम पाळत. जिरं तडतडू द्या आधी. गॅस कमी. थे तिखट नाई, हळद हाय. चाळीस वर्षं ज्या बाईचा आवाज कधी वर गेला नव्हता ती आता माजघरात ऐकू येईल इतक्या मोठ्याने ओरडत होती आणि दोघांचीही तब्येत त्यावर सुधारत होती. ताट तेच होतं, खण तेच होते, पण आंबाडीच्या भाजीत लसणाची फोडणी आली, बेसनाच्या पातोड्या रश्श्यात फुटेनाशा झाल्या, आणि भाकर एकसंध उतरू लागली. कधी एकदा सासऱ्यांनी विचारलं की तुले सगळ्यात जास्त काय आवडते. त्या विचारात पडल्या. हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी म्हणाल्या, गरम भाकर, वरचा पापुद्रा काढून, त्यात हिरव्या मिरचीचा ठेचा. गोड त्यांना फारसं आवडतच नव्हतं. गोड त्यांना वाढायला आवडत होतं. सासऱ्यांनी हे मला फोन करून सांगितलं. एवढ्या एका गोष्टीसाठी त्यांनी आयुष्यात मला केलेला तो एकुलता एक फोन.

शुगर आवाक्यात आली. त्यांच्या शर्टाच्या खिशात आता साखरेची पुडी असे, आणि शेजारच्या काकूंकडे आमच्या घरची पातोडी जाऊ लागली होती. मी गेलो की बडनेऱ्याला थांबायची गरज उरली नव्हती. आणि तेव्हाच सासूबाईंच्या चेहऱ्यावर सूज यायला लागली.

किडनी थकली होती. डॉक्टरांनी आम्हा तिघांना, म्हणजे सासऱ्यांना, माझ्या बायकोला आणि मला, समोर बसवून समजावलं. हे आजचं नाही, ज्या वर्षांत नुसती गोळी घेऊन सगळं खाल्लं त्या वर्षांचं आहे, ते आत्ता वर आलं. आता ताट बदलावं लागेल. डाळी, उसळी कमी करा. पालक नको, टमाटे नकोत. भाज्या उकळून ते पाणी फेकून द्यायचं, मगच शिजवायच्या. मीठ जवळजवळ बंदच. सासरे ऐकत होते. गेली दोन वर्षं ज्या मुगाला मोड आणायला त्यांनी रात्री उठून फडकं ओलं केलं, ज्या पालकासाठी पहाटे भाजीबाजारात उभे राहिले, ते सगळं एकेक करून डॉक्टर ताटाबाहेर काढत होते. औषधी गुण पाण्यात जातात म्हणून कारलं न पिळणाऱ्या माणसाला आता ते पाणीच मोरीत ओतायला सांगत होते. सगळं सांगून झाल्यावर सासऱ्यांनी एकच विचारलं, "मंग मी हे दोन वर्सं जे केलं, थे सारं चुकलं काय?" डॉक्टर भले गृहस्थ होते. ते म्हणाले, "काका, त्याच्यामुळंच त्या आज स्वतःच्या पायांनी इथे चालत आल्या." सासऱ्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नव्हतं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यांनी माझ्या बायकोचा खांदा धरला, आणि तो रिक्षात बसेपर्यंत सोडला नाही.

घरी येऊन ते पुन्हा फळ्यांसमोर उभे राहिले. या वेळी त्यांनी डबे फेकले नाहीत. मुगाचा डबा उचलला, हातात धरून उभे राहिले, आणि होता तिथेच मागे सरकवून ठेवला. दुसऱ्या दिवशीपासून ते पहिलीच्या मुलासारखं सगळं पुन्हा शिकायला लागले.

आता दोन वर्षं होत आली. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातल्या खुर्चीपर्यंत येऊ शकत नाहीत. नजर अंधूक झाली आहे, जेवणावरची वासना गेली आहे, आणि डॉक्टर पुढच्या गोष्टींची नावं हळूहळू काढू लागले आहेत. माझी बायको आईला अमरावतीला आणायचं म्हणते. सासरे ऐकून घेतात आणि ओट्याकडे वळतात. परवा मी गेलो तेव्हा ते ओट्याशी उभे होते. दोडका चिरून उकळला, पाणी ओतून दिलं, पुन्हा तव्यावर घेतला, चमचाभर तेलात जिरं आणि ठेचलेला लसूण. मी दारात उभा राहून पाहत होतो. मिठाची बरणी त्यांनी फळीवरून खाली काढलीसुद्धा नाही. भाकर मात्र अशी फुगली होती की मला सासूबाईंची आठवण झाली, आणि त्या पलीकडच्याच खोलीत आहेत याची लाज वाटली.

त्यांनी आधी माझ्या हातावर भाजी ठेवून कशी झाली विचारलं. मी छान म्हटलं. "तुमी जावई," ते म्हणाले, "तुमी खोटंच बोलसान." मग ताट घेऊन आत गेले, सासूबाईंना उशीला टेकवून बसवलं, भाकरीचा वरचा पापुद्रा काढून त्यात भाजी घालून घास त्यांच्या तोंडाशी नेला. त्या बराच वेळ एकच घास चावत राहिल्या. बाहेर कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजून गेला. घास गिळून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मीठ थोडं जास्त झालं आज."

मी सासऱ्यांकडे पाहिलं. त्या थट्टा करत होत्या, की त्यांची जीभच फसली होती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. सासऱ्यांनीही तो शोधला नाही. त्यांनी मान खाली घालून दुसरा घास मोडला.

"व्हय का," ते म्हणाले, "उद्या कमी टाकतो."